विहिरीतली रेघ

आमच्या मळ्यातल्या विहिरीत एक रेघ आहे. काठापासून सहा परस खाली, उत्तरेच्या अंगाच्या काळ्या खडकात टाकीने खोदलेली, हातभर लांब. एरवी ती दिसत नाही. वैशाखात सूर्य डोक्यावर आला की ऊन पार खाली उतरतं, तेव्हा वाकून पाहिलं तर दिसते. १९७३ च्या वैशाखात आमच्या वडिलांनी, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, ती एका वडाराकडून मारून घेतली. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीचं पाणी जिथवर उतरलं, तिथली ती खूण.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाने ही विहीर बुजवायचा विषय काढला. आमचं केडगाव म्हणजे पुणे रस्त्यावर नगरला चिकटलेलं गाव. पूर्वी लोक 'केडगावची देवी' म्हणून रेणुकामातेच्या दर्शनाला यायचे, तेवढीच गावाची ओळख. आता गाव महापालिकेत आहे. ज्वारीच्या रानात कॉलन्या झाल्या, बांधांचे रस्ते झाले, आणि गुंठ्याचा भाव ऐकला तर नानांना हसू आलं असतं. भाऊ म्हणाला, "दादा, पाणी नाही का काही नाही, नुसता खड्डा पडलाय. उद्या कॉलनीतलं एखादं लेकरू आत पडलं म्हणजे? मुरूम टाकून बुजवू. तीन गुंठे मोकळे होतील."

त्याचं खोटं नव्हतं. त्याच्या डोक्यावर दवाखान्याचं कर्ज होतं. थोरली पोरगी चित्रकलेचं शिकत होती, तिची फी भरायची होती. मी म्हणलं, "आरं, आत नानांची रेघ हाये." तो म्हणाला, "रेघंनं कर्ज फिटतं का दादा?"

मला काही बोलता आलं नाही. तेव्हा जे सुचलं नाही, ते आता लिहून काढतो आहे.

बहात्तर साली मी बारा वर्षांचा होतो. आमच्या भागावर सह्याद्रीची सावली पडते. डोंगरापलीकडे ढग मोकळे होतात आणि आमच्याकडे येईस्तोवर रिकामे झालेले असतात. चांगल्या वर्षीही पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्यात आधीची दोन वर्षं कोरडीच गेली होती. बहात्तरला तर मृग गेला, पुष्य गेला, हत्तीसुद्धा न गरजता गेला. कणगी खडखडीत झाली. नानांनी बैलजोडी बाजारात नेली आणि येईल त्या भावाने देऊन आले. त्या रात्री ते जेवले नाहीत. एक गाय राहिली होती, ती माघात गेली.

सरकारने दुष्काळी कामं काढली. कुठे रस्ता, कुठे नालाबंडिंग, कुठे पाझर तलाव, आणि जिथे काही नाही तिथे खडी फोडायची. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात अशा कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, त्याची मुळं याच कामांत आहेत. पुस्तकात हे दोन ओळींत येतं. आम्ही ते पाटी-फावड्याने काढलं. गावापासून अडीच कोसांवर एका ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं. नाना टिकाव मारायचे, आई पाट्या वाहायची, मी शाळा बुडवून दगड वेचायचो. खायला अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची. पोरांना सुकडी मिळायची. ती गोड लागायची, म्हणून दुष्काळाची मला थोडी गोड आठवणही आहे. हे मोठ्या माणसांपुढे बोलायची सोय नाही.

आईला दिवस गेलेले होते. तरी ती हजेरी चुकवत नव्हती. चैत्रात एका दुपारी कामावरच तिचं पोट दुखायला लागलं. चार बायांनी लिंबाखाली लुगडी आडवी धरली आणि आमचा धाकटा जन्मला. मुकादमाने त्या दिवसाची तिची हजेरी पूर्ण मांडली, हे आई मरेपर्यंत सांगायची.

त्या कामावर दहा-अकरा गावांची माणसं होती. सगळी उपाशी, सगळी चिडलेली. पाण्याच्या पिंपावरून भांडणं, चौकडीच्या मापावरून भांडणं, कोण कोणाच्या पुढे लागला यावरून भांडणं. पिंपापाशी जातीपातीचंही होतंच, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बांधाच्या पिचिंगचे दगड घडवायला वडार समाजातली सात-आठ कुटुंबं होती. त्यात एक म्हातारा होता. दुपारच्या सुट्टीत बाकीचे आडवे व्हायचे, तर हा एका नापास दगडाला टाकी लावून बसायचा. चार दिवस कोणाला काही कळलं नाही. मग शेपूट दिसायला लागली, मग गदा. आठ-दहा दिवसांत मारुती झाला. बेताचाच होता, डोळे थोडे वर-खाली. कोणीतरी नगरहून शेंदूर आणला, एका बाईने पोराच्या डोक्याला ठेवलेलं तेल दिलं. बांधाच्या टोकाला तो उभा केला.

मारुतीने पाऊस पाडला असं मी म्हणत नाही. पाऊस त्याच्या वेळेला, त्र्याहत्तरच्या मृगातच आला. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. तोवर सुट्टी झाली की जो तो आपापल्या गावच्या घोळक्यात जाऊन बसायचा. मारुती झाल्यावर संध्याकाळी माणसं तिथं थांबायला लागली. कोणाकडे टाळ होते, एकाकडे फुटक्या शाईचा पखवाज होता. भजन व्हायचं, भारुड व्हायचं. मुकादमाची नक्कल केली की बायासुद्धा तोंडाला पदर लावून हसायच्या. सहा महिन्यांत मी आईला हसताना तिथंच पाहिलं. आणि देव घडवणाराच वडार असल्यामुळे तिथे तरी कोणी कोणाला मागं सर म्हणू शकलं नाही. आमच्या धाकट्याचं नावही त्या देवावरूनच ठेवलं.

त्याच म्हाताऱ्याला नाना एका सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन आले. दोरावरून तो विहिरीत उतरला आणि पाण्याच्या काठाला त्याने रेघ मारली. नानांनी त्याला दोन रुपये आणि पोटभर भाकरी दिली. आई कुरकुरली, कारण दोन रुपये म्हणजे जवळपास एक रोज. नाना एवढंच म्हणाले, "पुढच्यांना कळाया पाहिजे, किती खाली गेलं व्हतं."

दहावी झाल्यावर शाळा सुटली, पण वाचायचा नाद राहिला. वाचता वाचता लक्षात आलं की आपल्या मुलखात दुष्काळ शेकड्याने झाले आणि त्यांच्या खुणा बोटावर मोजण्याइतक्याही नाहीत. केडगावात राहणाऱ्याला रेल्वेची शिट्टी रोज ऐकू येते. दौंडहून नगरवरून मनमाडला जाणारा हा लोहमार्ग. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात या मार्गाचं काम दुष्काळी काम म्हणून चाललं आणि १८७८ साली गाडी सुरू झाली. उपाशी माणसांनी तो भराव घातला. त्यात आमच्या भागातली किती असतील, किती जण कामावरच गेले असतील! त्या मार्गाने मी शंभर वेळा गेलो. त्या हातांच्या नावाचा एक दगड मला कुठे दिसला नाही. गाडी जाते, भराव आहे, माणसं पुसली गेली.

याच्या उलट आमच्या जुन्या लोकांची रीत बघा. आपल्याकडे गावोगाव मारुतीच्या देवळापाशी, वेशीजवळ नाहीतर एखाद्या झाडाखाली वीरगळ सापडतात. कित्येकांना ते देवच वाटतात. नीट पाहिलं तर दगडाचे कप्पे केलेले असतात. खालच्या कप्प्यात लढाई, बऱ्याचदा गाई वळवून नेणाऱ्यांशी झालेली. मधल्या कप्प्यात मेलेल्या वीराला अप्सरा वर नेताना. वरच्या कप्प्यात तो शंकराच्या पिंडीची पूजा करत बसलेला. काहींवर चंद्र-सूर्य कोरलेले. म्हणजे ही खूण चंद्र-सूर्य असेपर्यंत राहावी.

गावावर धाड आली, गुरं गेली, तरणा माणूस मेला. ही त्या काळातली आपत्तीच. तेव्हा पंचनामा नव्हता, अनुदान नव्हतं. गावाने दगड घडवून घेतला आणि येण्या-जाण्याच्या वाटेवर उभा केला. लेकरांनी विचारायचं, म्हाताऱ्यांनी सांगायचं. माझी पुतणी म्हणते की शहरात आता पुरानंतर, भूकंपानंतर भिंतींवर मोठी चित्रं काढतात, शिल्पं उभी करतात, त्याला सार्वजनिक कला म्हणतात. मी म्हणलं, "बाई, आपल्याकडं ती शेंदूर लावून बसलीय."

पण खूण करायला गाव शिल्लक लागतं. गावच राहिलं नाही तर काय होतं, ते मी १९९३ साली पाहिलं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लोक गणपती बुडवून दमून निजले होते. पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेतच गेली. सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ, लोक दहा हजार म्हणतात. आमच्या आळीने भाकऱ्या, चटणी, घोंगड्या गोळा केल्या आणि टेम्पो भरून आम्ही सहा जण जामखेडवरून निघालो. पोचलो तेव्हा लष्कराचे जवान ढिगारे उपसत होते, वर पाऊस चालू होता. तिथला वास मी लिहिणार नाही.

एवढंच लिहितो की माणसं भूकंपापेक्षा घरांनी मारली. आमच्यासारखीच घरं ती. दोन-दोन हात रुंदीच्या दगडी भिंती, आत चिखल, दगडांना एकमेकांत धर नाही. वर लाकडाचं माळवद आणि त्यावर दोन फूट माती. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून दर वर्षी थर चढवलेला. तो थरच अंगावर आला. एका ढिगाऱ्यात मला सागवानी चौकट उभी दिसली. वर गणेशपट्टी, तोरण तसंच. मागे भिंत नाही, घर नाही, नुसतं दार. एक म्हातारा त्या दारातून आत-बाहेर करत होता. आम्ही भाकरी दिली तर म्हणाला, "आत या की."

पुढे मोठं काम झालं. देशातून, परदेशातून पैसा आला, जागतिक बँकेने कर्ज दिलं. बावन्न गावं नव्या जागी वसवली. बाकी हजारो घरं दुरुस्त केली, मजबूत केली. भूकंपात टिकतील अशी घरं बांधली आणि गवंड्यांना तसं बांधायला शिकवलं. याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. जीव वाचवणारं घर हीच पहिली गरज होती. लोकांना तर दगडाचीच धास्ती बसली होती. पिढ्यान् पिढ्या दगडात राहिलेली माणसं दगडाची भिंत नको म्हणत होती.

काही वर्षांनी एका सोयरिकीच्या निमित्ताने मी त्या बाजूला पुन्हा गेलो. नव्या वसाहती पाहिल्या. रुंद रस्ते, सरळ रांगा, एकासारखं एक घर. आपल्या गल्ल्या वाकड्या असतात, कारण त्या माणसांच्या पायांनी पडलेल्या असतात. इथे त्या कागदावर पट्टीने आखल्या होत्या. एक म्हातारी सांगत होती, सुरुवातीला माणसं दुसऱ्याच्याच घरात शिरायची. जुनी भावकी लांब पडली, संध्याकाळी बसायला ओटा राहिला नाही. मग हळूहळू लोकांनी आपलं आपण सुरू केलं. कोणी दाराला हिरवा रंग दिला, कोणी तुळशीवृंदावन बांधलं, कोणी पिंपळ लावून भोवती पार बांधला. एका घराला तर जुन्या वाड्याची नक्षीची चौकट बसवलेली दिसली. सिमेंटच्या भिंतीत ती शोभत नव्हती, पण घरवाल्याने मला तीच आधी दाखवली. ते दार, तो पार, ते वृंदावन झाल्यावर वसाहतीचं गाव व्हायला लागलं, असं मला त्या बसण्यात कळलं.

किल्लारीला स्मृतिस्तंभही आहे. दर ३० सप्टेंबरला तिथे अधिकारी, पुढारी, गावकरी जमतात, फुलं वाहतात, पोलीस मानवंदना देतात. तेही लागतं. दुःखाला सरकारने एक दिवस उभं राहून नमस्कार केला, याचा माणसाला आधार वाटतो. पण माझं मत विचाराल तर वर्षातल्या एका दिवसाची खूण वेगळी आणि रोजच्या वाटेवरची खूण वेगळी. पहिलीने मान राहतो. दुसरीने माणूस सावरतो.

आंबेगाव तालुक्यातल्या माळीणचं तसंच. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचला आणि गाव गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. नेहमीची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा जगाला कळलं. शाळेची इमारत तेवढी वाचली. जवळच आमडे इथे नवं माळीण बांधलं, तीन वर्षांत लोक राहायला गेले. जुन्या जागी स्मारक केलं आणि मेलेल्यांच्या आठवणीला झाडं लावली. झाडाची कल्पना मला पटली. स्तंभाला वर्षातून एकदा धुतात. झाडाला पहिली दोन-तीन वर्षं रोज पाणी घालावं लागतं. ज्याचं माणूस गेलं त्याच्या हाताला काम मिळतं. मी शेतकरी आहे, मला एवढं नक्की ठाऊक आहे की दुःखात रिकामा हात फार वाईट.

खूण फक्त आठवणीसाठी नसते, ती सांगण्यासाठीही असते. जपानच्या किनाऱ्यावर आनेयोशी नावाची वाडी आहे. १९३३ साली समुद्राच्या लाटेने तिथली माणसं नेली. जे वाचले त्यांनी डोंगराच्या चढावर एक दगड रोवला आणि त्यावर कोरलं की याच्या खाली कोणी घर बांधू नये. पुढच्यांनी ऐकलं. २०११ च्या मार्चमध्ये पुन्हा तशीच भयंकर लाट आली. पाणी चढत चढत आलं आणि त्या दगडाच्या खालीच थांबलं. वरची घरं वाचली. तिकडे युरोपात, चेक देशात एल्बे नदीच्या पात्रात काही दगड आहेत, त्यांना भुकेचे दगड म्हणतात. नदी आटली की ते उघडे पडतात. त्यांवर दुष्काळाची सालं कोरलेली आहेत. एकावर तर १६१६ सालापासूनची. हा दगड दिसला तर रडायची वेळ आली, अशा अर्थाचे शब्दही त्यावर आहेत. २०१८ च्या उन्हाळ्यात तो पुन्हा वर आला, तेव्हा पेपरात फोटो आला होता. पुतणीने तो मला मोबाईलवर मोठा करून दाखवला. म्हणाली, "काका, आपल्या विहिरीसारखंच."

मी त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिलो. कुठली ती नदी, कुठली ती माणसं. त्यांचे पणजोबा आणि आमचे नाना एकाच शाळेत शिकल्यासारखे.

मग मी रेघेचा खरा हिशेब केला. बहात्तरला अन्न नव्हतं, पण आमच्या विहिरीत सहा परसांवर पाणी होतं. प्यायला पुरलं, शेजारच्या तीन घरांनाही पुरलं. २००३ साली पाणी रेघेच्या खाली गेलं. २०१३ ला विहीर ठणठणीत झाली, तळाचा खडक पांढरा पडला. २०१६ ला पुन्हा तेच. या सालांत दुकानात धान्य होतं, रेशन होतं, आणि पाणी मात्र टँकरने आलं. पाऊस काही बहात्तरच्या मानाने एवढा खाली गेला नव्हता. खाली आम्ही गेलो होतो. बहात्तरच्या दुष्काळातच पिण्याच्या पाण्यासाठी बोअरची यंत्रं खेड्यांत आली. पुढे वीज आली, मोटारी आल्या आणि जो तो आपल्या रानात भोक पाडत सुटला. मीही तीन बोअर घेतले, दोन कोरडे गेले. हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. नानांची रेघ रोज समोर होती, मी वाकून पाहिलं नाही.

ज्यांनी पाहिलं ते गाव लांब नाही. आमच्याच नगर तालुक्यात हिवरेबाजार आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर ते गाव खचलं होतं. पाणी नाही, काम नाही, दारू आणि भांडणं, माणसं पोटापाण्याला बाहेर. १९८९ नंतर पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने श्रमदानाने डोंगरावर चर खोदले, बांध घातले, झाडं लावली. पण मला त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पाण्याच्या ताळेबंदाची. किती पाऊस पडला, विहिरींत किती पाणी आहे, ते मोजायचं, ग्रामसभेत सगळ्यांपुढे मांडायचं आणि त्यावर कोणतं पीक घ्यायचं ते ठरवायचं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. आपल्याच जिल्ह्यात बाकीचे टँकरची वाट बघत असताना ते गाव आपल्या पाण्यावर उभं राहिलं. सर्वांना दिसेल अशी मांडलेली खूण आणि तिच्यापुढे सर्वांनी वाकवलेली मान, यापेक्षा वेगळं काय आहे ते? नानांनी रेघ मारली ती आमच्या एका घरापुरती. तिथे गावाने मारली.

चित्राने पोट भरत नाही, हे मलाही कळतं. ज्याच्या घरावर छप्पर नाही त्याच्यापुढे शिल्प उभं करणं ही थट्टा आहे. किल्लारीत आधी घरंच पाहिजे होती, बहात्तरला आधी मिलोच पाहिजे होती. पण घर मिळालं, धान्य मिळालं म्हणजे गाव सावरलं असं होत नाही. आपल्यावर काय आलं, आपण कसे निभावलो, हे जिथे बसून बोलता येईल अशी एक जागा लागते. ती जागा ज्यांच्यावर आलं त्यांच्याच हातांनी झालेली बरी. बांधावरचा तो वेड्यावाकड्या डोळ्यांचा मारुती सरकारच्या कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हता. तलाव आता गाळाने भरला आहे, मारुती आहे. शनिवारी अजून त्याला तेल पडतं. घालणाऱ्यांना तो कोणी घडवला हे माहीत नाही.

एवढं सगळं मनात घोळल्यावर मी भावाला घेऊन त्या बांधावर गेलो. तो जिथे जन्मला ते लिंबाचं झाड आता नाही, पण जागा मी दाखवली. आईची हजेरी, चार बायांची लुगडी, वडार म्हातारा, सगळं सांगितलं. त्याला तुटक तुटक माहीत होतं, सलग कोणी सांगितलंच नव्हतं. चूक माझीच. थोरला मी होतो.

तो मारुतीसमोर बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, पण माझ्या कर्जाचं काय?"

मला त्याचा राग आला नाही. त्याचा प्रश्न खराच होता. रस्त्याच्या कडेचे माझ्या वाट्याचे दोन गुंठे मी त्याला दिले आणि विहिरीचे तीन गुंठे माझ्या नावाने घेतले. बाजारभावाने पाहिलं तर मी बुडालो. घरात बोलणी बसली. पोरगा म्हणाला, बापाने खड्डा विकत घेतला. सून काही म्हणाली नाही, पण ताट वाढताना कळतंच. अजून कधीमधी विषय निघतो.

विहिरीला काठ बांधून घेतला, वर लोखंडी जाळी टाकली. कॉलनीतल्या दोन छपरांचं पावसाचं पाणी पाईपने आत सोडलं आहे. गेल्या पावसाळ्यात तळाला चार हात पाणी आलं. रेघेपर्यंत अजून फार लांब आहे.

पुतणीने काठाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने चित्र काढलं. पाट्या वाहणाऱ्या बाया, लिंबाचं झाड, टाकी घेऊन बसलेला म्हातारा. खाली सालं लिहिली: १९७२, २००३, २०१३, २०१६, आणि प्रत्येक सालापुढे पाणी किती परस खाली होतं ते. पुढे तिने जागा मोकळी ठेवली आहे. लिहिताना तिचा बाप दोर धरून उभा होता. "बहात्तरच्या पुढं त्र्याहत्तर पण लिही," म्हणाला, "माझं साल हाये ते."

संध्याकाळी कॉलनीतली पोरं जाळीवर वाकून बघतात. मोठी माणसं कुठून कुठून आलेली, पाथर्डीची, बीडची, एक घर तर थेट औशाकडचं. एका पोराने परवा विचारलं, "आजोबा, ती खाली रेघ कशाची?" मी म्हणलं, "बस इथं, सांगतो."